आठ ओळींचा कागद : एका पात्रवाटपावरचं भाष्य

वडिलांच्या भजनाच्या वहीत घडी घालून ठेवलेला एक कागद मला सापडला. फुलस्केपचं अर्धं पान, निळी शाई, समासात पेन्सिलीने लिहिलेली आणि खोडलेली नावं. १९८९ च्या उन्हाळ्यात जासईत आम्ही पोरांनी रामायणाचं नाटक केलं, त्याच्या कामांची ही वाटणी. त्याच वर्षी पलीकडे न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं होतं. आदल्या वर्षीपर्यंत रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ लागलं की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. जासई म्हटलं की लोकांना दि. बा. पाटील आणि जानेवारी १९८४ चं शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं, आणि तेच आठवायला हवं. पण नाटकाच्या वेळी मी बारा वर्षांचा होतो आणि मला राम व्हायचं होतं.

जुन्या टीकाकारांची रीत अशी : मूळ ओळ घ्यायची, पदं सुटी करायची, पाठभेद पाहायचे, पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा, मग आपलं म्हणणं सांगायचं. या कागदाला मी तीच रीत लावतो आहे. तालीम घेणारे मास्तर बाहेरगावचे होते. प्रेमळ माणूस, कधी कोणावर हात उगारला नाही. म्हणूनच या ओळी त्यांच्या एकट्याच्या आहेत असं मी मानत नाही. कॅलेंडरांनी, सिनेमांनी आणि मालिकांनी त्या आधीच लिहून ठेवल्या होत्या. मास्तरांनी फक्त उतरवून घेतल्या.

ओळ १. राम : गोरा, नाकीडोळी नीटस, आवाज मऊ.

पदं तीन. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत खरं आहे. वाल्मीकींचा राम मृदू बोलणारा आहे, समोरच्याच्या आधी आपण होऊन बोलणारा आहे. नाकीडोळी नीटस, यालाही ग्रंथाचा आधार आहे. ‘गोरा’ या पदाला मात्र कुठेच आधार नाही, उलट विरोध आहे. सुंदरकांडात हनुमान अशोकवनात सीतेला दोन्ही भावांची ओळख पटवतो तेव्हा लक्ष्मण सोन्याच्या कांतीचा आणि राम श्याम, असा फरक स्पष्ट सांगतो. ही ओळखीची खूण आहे. सीतेला खात्री पटावी म्हणून सांगितलेली. तीच चुकवली तर सीतेने या वानरावर विश्वास तरी का ठेवावा?

मराठीला तर हे संस्कृतातून शिकायची गरजच नव्हती. आमचा विठोबा काळा. आमच्या भजनात ‘सावळा’ हा शब्द रात्रभरात किती वेळा येतो ते कोणी मोजत नाही. ज्या मंडपात हा कागद खांबाला लावला होता, त्याच मंडपात आदल्या एकादशीला माझ्या वडिलांनी टाळ वाजवत सावळ्या रूपाची आळवणी केली होती. गाताना सावळा आणि सोंग घेताना गोरा, हे दोन्ही एकाच गावाला एकाच महिन्यात चाललं, आणि कोणालाही खटकलं नाही.

नाशिकला पंचवटीत काळाराम आहे. काळ्या पाषाणाचा राम. त्याच नाशकात गोराराम नावाचंही देऊळ आहे. दगडाचा रंग लोकांनी मोकळेपणाने देवाच्या नावात घेतला. आणि त्याच काळ्या रामाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला, आत जायला मिळावं म्हणून. देव काळा असणं आणि माणूस बाहेर राहणं ही दोन्ही सत्यं एका उंबऱ्यावर उभी होती. म्हणून नुसता देवाचा रंग सिद्ध करून माझं काम संपत नाही, हे मला ठाऊक आहे.

मग ‘गोरा’ आला कुठून? माझ्या मते मोठा वाटा छापील चित्रांचा. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी देवाधर्माला चेहरे दिले. ज्या घरात पोथी नव्हती तिथेही चित्र होतं. रविवर्म्याची द्रौपदी पाहावी : उजळ, गुलाबी झाक असलेली. आणि या द्रौपदीचं महाभारतातलं जन्मनाव कृष्णा आहे, ते तिच्या रंगावरून पडलं आहे. कृष्णाला आणि रामाला पूर्ण गोरं करणं जड गेलं, तेव्हा निळा रंग मदतीला आला. संस्कृतातला ‘नील’ काळ्यापर्यंत पोचतो. कॅलेंडरवरचा निळा काळ्यापासून लांब पळतो. निळा माणूस कोणाच्याच घरात नसतो, त्यामुळे निळ्या देवाकडे पाहून कोणा काळ्या पोराला आपली आठवण होत नाही.

पाठभेद : या ओळीच्या समासात पेन्सिलीने एक नाव लिहून खोडलं आहे. उजेडात धरलं की वाचता येतं. ते माझं आहे. आवाज मऊ होता माझा. शेजारी शाईने दुसरं नाव आहे.

ओळ २. लक्ष्मण : रामापेक्षा बोटभर बुटका. रंग कसाही चालेल.

ग्रंथात ज्याचा गोरेपणा लिहिला आहे त्या एकट्याला इथे सूट मिळाली. जास्त बोलायचं कारण नाही.

ओळ ३. सीता : गोरा पोरगा, मिसरूड न फुटलेला.

सीता सुवर्णवर्णाची, हे ग्रंथाला धरून आहे. पण मेघाशेजारी वीज शोभावी तशी ती जोडी होती. दोघांनाही एकाच डब्यातला सफेदा लावल्यावर मेघ गेला आणि विजेला पार्श्वभूमी उरली नाही.

या ओळीतला ‘पोरगा’ हा शब्द मला जास्त बोलका वाटतो. पोराने सीता व्हावं यात गावाला काहीच गैर वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’त तारामती झाले अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी रामाचंही काम केलं आणि सीतेचंही. एकच देह, दोन्ही भूमिका, आणि लोक पडद्यापुढे हात जोडत होते. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. १९२० च्या ‘संगीत द्रौपदी’त बालगंधर्व द्रौपदी झाले.

म्हणजे मराठी प्रेक्षकाला कल्पनाशक्ती कमी होती असं कोणी म्हणू नये. पुरुष बाई झालेला त्याने मान्य केला, मुलगी कृष्ण झालेली मान्य केली, एक माणूस नवरा-बायको दोन्ही झालेला मान्य केला. काळ्या पोराने रामाचं काम करणं तेवढं त्याच्या कल्पनेत बसलं नाही. खरं तर तिथे कल्पना लढवायचीच नव्हती, ग्रंथात होतं तेवढं ठेवायचं होतं.

ओळ ४. शूर्पणखा : काळा, दात पुढे असलेला. हसवता आलं पाहिजे.

या ओळीसाठीच मी हे भाष्य लिहायला घेतलं.

अरण्यकांडात, पंचवटीत, शूर्पणखा प्रथम रामाला पाहते. तिला तो नीलकमळासारखा श्याम दिसतो आणि मदनासारखा सुंदर दिसतो. दोन्ही विशेषणं एका दमात येतात. त्यात ‘सावळा असला तरी’ असं काही नाही. तो ‘तरी’ आपला आहे, आपल्या स्थळं दाखवणाऱ्या बायकांचा आणि वधूवर सूचक वह्यांचा.

लगेच पुढे कवी रामाची आणि तिची तुलना मांडतो. तो एक एक अंग घेतो आणि समोरासमोर ठेवतो : त्याचा चेहरा आणि तिचा चेहरा, त्याची कंबर आणि तिचं पोट, डोळे, केस, आवाज, वय, बोलणं, वागणं. सगळीकडे तो उजवा, ती डावी. यादी लांब आहे, कवी काही सोडत नाही. सोडला आहे फक्त रंग. तिथे रंगाची जोडी नाही. कशी असेल? राम स्वतः श्याम असताना काळेपणा हा तिचा दोष म्हणून लिहिताच आला नसता. केसांची गंमत तर याहून मोठी : तिचे केस तांबूस आहेत. आजच्या नटाला तांबूस केस लावून रंगमंचावर पाठवलं तर आपण त्याला परदेशी राजकुमार समजू.

इतक्या कुरूप पात्राची इतकी सविस्तर यादी करताना जो दोष कवीला सुचलाही नाही, तो आमच्या कागदावर पहिला आला. मास्तरांनी तुलनेचा तो उतारा वाचला नसेल. मीही तो चाळिशीत वाचला. पण वाचल्यावर तो कागद मला पुन्हा पहिल्यासारखा दिसला नाही.

ज्या पोराला हे काम दिलं तो माझ्या वर्गातला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याने लोकांना खूप हसवलं. पुढे दहावीपर्यंत गाव त्याला त्याच नावाने हाक मारत होतं. नाटक दोन तासांचं असतं, चिकटलेलं नाव वर्षानुवर्षं निघत नाही.

ओळ ५. हनुमान : अंगाने भरलेला. तोंड रंगवायचंय, रंगाचा प्रश्न नाही.

सगळ्या कागदात हीच ओळ निखळ खरी. रंगपटात बसलं की रंग डब्यात असतो. हा नियम हनुमानाला लागू होता तर इतरांना का नव्हता, एवढंच विचारून पुढे जातो.

ओळ ६. रावण : उंच, काळा, आवाज दणकट.

ही ओळ बरोबर आहे, हे आधी मान्य करतो. झोपलेल्या रावणाला पाहून हनुमानाला मेघ आठवतो. दरबारात तो काजळाच्या राशीसारखा दिसतो. रावण काळाच आहे. पण रामही मेघासारखाच. वाल्मीकींनी नायक आणि प्रतिनायक दोघांसाठी आभाळातली एकच उपमा घेतली. युद्धाच्या शेवटी समोरासमोर उभी राहतात ती दोन काळी माणसं. कोण रक्षण करणारा आणि कोण हरण करणारा, हे रंगावरून कळत नाही, कृतीवरूनच कळतं. आम्ही एकाला सफेदा लावला, दुसऱ्याला काजळ, आणि प्रेक्षकाला हे ओळखण्याचे कष्ट उरले नाहीत.

इथे पूर्वपक्ष मांडायला हवा, कारण जगभर तो मोठ्या आवाजात मांडला जातो आहे. पूर्वपक्ष म्हणतो : अभिजात कथा पडद्यावर आणताना ग्रंथात आहे तसंच दाखवा, पात्रांचे रंग बदलणं म्हणजे लेखकाचा अपमान. २०२२ मध्ये टॉल्किनच्या विश्वावरची ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका आली तेव्हा कृष्णवर्णीय नटांवरून हेच झालं. २०२३ मध्ये हॅली बेली ‘द लिटल मरमेड’ची जलपरी झाली तेव्हाही हेच.

पूर्वपक्षाचं म्हणणं मी हलकं करत नाही. अँडरसनच्या १८३७ च्या कथेत जलपरीची कांती गुलाबपाकळीची आहे आणि डोळे समुद्रासारखे निळे, हे लिहिलेलं आहे. पण टॉल्किनच्या हॉबिटांमध्ये हारफूट नावाची जमात इतरांपेक्षा तपकिरी कातडीची आहे, हेही लिहिलेलं आहे. त्या जमातीचं काम लेनी हेन्रीने केलं तर ग्रंथ मोडला कुठे? ग्रंथाच्या नावाने भांडणाऱ्या अनेकांनी ते पान उघडलं नव्हतं. ‘गोरा’ हे त्यांच्या मनातलं न लिहिलेलं विशेषण होतं, आमच्या कागदावर ते लिहिलं गेलं, एवढाच फरक.

उलट बाजूही पाहा. उर्सुला लेग्विनच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चा नायक गेड तांबूस-तपकिरी आहे, त्याचा जिवलग मित्र काळा आहे, आणि गेडच्या बेटावर लूट करायला येतात ते गोरे. लेग्विनने हे जाणूनबुजून केलं होतं. २००४ मध्ये अमेरिकेत त्यावर मालिका निघाली आणि गेडचं काम गोऱ्या नटाला मिळालं. तेव्हा ग्रंथाशी प्रामाणिक राहा म्हणणारा जमाव कुठे दिसला नाही. लेखिकेलाच जाहीर लेख लिहून आपलं म्हणणं मांडावं लागलं.

मग सिद्धान्त काय? आमच्याकडे नाटकात भूमिका करण्याला ‘काम करणं’ म्हणतात. मी तोच शब्द धरून विचारतो : या कथेत रंग काही काम करतो का? जलपरीच्या कथेत करत नाही. ती आवाज गमावते, पायांच्या वेदना सोसते, प्रेमात फेस होऊन विरते. यातलं काहीच गुलाबपाकळीवर अवलंबून नाही. तिथे कोणतीही चांगली गाणारी मुलगी जलपरी होऊ शकते. अर्थसीत रंग काम करतो. तो काढला तर लेखिकेने उलटवलेलं जग पुन्हा सरळ होऊन बसतं.

आणि महाभारतात रंग पदोपदी काम करतो. व्यास काळे म्हणून अंबिका डोळे मिटते आणि धृतराष्ट्र आंधळा जन्मतो. अंबालिका भीतीने पांढरी पडते आणि पांडू फिकट जन्मतो. या कुळात फिकेपणा हे भीतीचं चिन्ह आहे. त्या प्रसंगातला व्यास गोरा केला तर दोन राण्यांची भीती निराधार होते आणि पुढचं सगळं युद्ध विनाकारण. अर्जुन या नावाचा अर्थ पांढरा, पण विराटाच्या नगरीत तो उत्तराला आपली दहा नावं समजावून सांगतो तेव्हा दहावं नाव कृष्ण निघतं, वडिलांनी रंगावरून लाडाने ठेवलेलं. द्रौपदी कृष्णा, तिचा सखा कृष्ण, तिचा अर्जुन कृष्ण, सगळं सांगणारा कवीही कृष्ण. चौघं एका नावाचे, एका रंगाचे. कवीने घातलेला हा धागा आपल्या मालिकांनी सहज तोडला.

पीटर ब्रुकने १९८५ मध्ये आव्हिन्यॉंला नऊ तासांचं ‘महाभारत’ केलं. नट अनेक देशांचे : द्रौपदी मल्लिका साराभाई, भीष्म आफ्रिकेतले सोटिगी कुयाते, भीम सेनेगलचा नट, अर्जुन इटलीचा. रंगाच्या कसोटीवर हे उलटंसुलटं आहे, कारण ग्रंथात भीम तापल्या सोन्याचा आणि अर्जुन श्याम. त्यावर आपल्याकडे कडक टीका झाली; रुस्तम भरुचांनी आपली संस्कृती मुळापासून उचलून नेल्याचा आक्षेप घेतला, तो विचार करण्याजोगा आहे. पण मला एक दिसतं. ब्रुककडे काळा माणूस भीष्म झाला, कुळाचा सर्वांत आदरणीय पुरुष. आमच्या चांगल्या चाललेल्या मालिकांमध्ये तसा माणूस भीष्म झालेला मी पाहिला नाही. ‘आपली संस्कृती’ म्हणताना हेही मोजायला हवं.

ओळ ७. राक्षस (सहा) : गावातले कोणीही. काळा रंग मंडळ देईल.

‘कोणीही’ या पदात मी आहे. चौथा राक्षस.

आम्ही आगरी. मिठागरात आणि खाजणात उन्हं खाल्लेल्या घरांतली पोरं. आमच्यात गोरं कोणी नव्हतंच असं नाही, पण बहुतेक जण उन्हाच्या रंगाचे. आम्हा सहा जणांना देवळामागे रांगेत उभं केलं आणि खोबरेल तेलात कालवलेलं काजळ तोंडाला, हाताला, पोटाला फासलं. काजळ फासणारा दादा माझ्यापाशी आला, एक बोट फिरवलं, थांबला, आणि म्हणाला, “याला कशाला? राहू दे.” लोक हसले. मीही हसलो. घरी आलो तेव्हा आईने अंग पुसायला गरम पाणी काढून ठेवलं होतं, आणि पुसण्यासारखं काही नव्हतं.

काळं फासणं आपल्या लोककलेत नवं नाही. दशावतारातला संकासुर काळ्या कपड्यांत येतो, वेद चोरतो, मरतो. पण कोकणात शिमग्याला तोच संकासुर दारात आला की पोरं आनंदाने त्याच्या मागे धावतात. त्या काळेपणात भीती आहे आणि मायाही आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे असतात. मुखवट्याआडच्या माणसाच्या कातडीचा प्रश्नच येत नाही. म्हणून या सगळ्याचा दोष मी लोककलेला देत नाही. मुखवटा सगळ्यांना सारखा झाकतो. आमच्या नाटकात निम्म्यांना झाकलं आणि निम्म्यांना उघडं पाडलं.

उरणच्या मोरा बंदरातून होडीने घारापुरीला गेलं की तिथे अंधारात अर्धनारीश्वर उभा आहे. अख्खा डोंगर एकाच काळसर दगडाचा. शिल्पींनी शिवाला, पार्वतीला, मारल्या जाणाऱ्या अंधकासुराला, पायाशी बसलेल्या गणांना एकाच खडकातून काढलं. कोण देव ते उभं राहण्यावरून कळतं, चेहऱ्यावरून कळतं. आमच्याच तालुक्यातलं बेट आहे ते. मास्तर आम्हाला तालमीआधी एकदा तिथे घेऊन गेले असते तर बरं झालं असतं.

ओळ ८. नावाडी : होडी वल्हवता येणारा.

या ओळीत रंग नाही, उंची नाही, आवाज नाही. येतं काय एवढंच विचारलं आहे. कागदावर माणसाची पारख त्याच्या हुन्नरावरून केलेली ही एकच ओळ, आणि ती सर्वांत खाली आहे.

महाभारत सांगणारा कवी होडी वल्हवणाऱ्या मुलीचा मुलगा आहे. सत्यवतीचं एक नाव काली. अंगाला मासळीचा वास म्हणून मत्स्यगंधा. माणसांना पैलतीरी नेता नेता तिला पराशर भेटला आणि यमुनेतल्या बेटावर व्यास जन्मले, म्हणून द्वैपायन. खाडीकाठच्या आमच्या घरांतल्या कोणत्याही मुलीला सत्यवतीचं काम करायला काजळही लागणार नाही आणि सफेदाही. रामायणातला गुह निषादांचा राजा. शृंगवेरपुराला तो गंगेवर होड्या आणतो, आणि राम त्याला आपल्या मित्रासारखं छातीशी धरतो.

आमच्यात हे काम माझ्या आतेच्या यजमानांना दिलं. ते तालमीला एकदाही आले नाहीत. नाटकाच्या रात्री खाडीवरून थेट आले, खांद्यावर स्वतःचं वल्हं, कमरेला पंचा. रंगपटात कोणीतरी डबा घेऊन पुढे झालं तर म्हणाले, “मना नको रं रंग.” आणि तसेच रंगमंचावर गेले. संवाद त्यांना पाठ नव्हते. वल्हं खाली ठेवून ते नुसते रामासमोर उभे राहिले. राम झालेला पोरगा गोंधळला, मग त्याने मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात पसरून त्यांना मिठी मारली.

मी विंगेत होतो. मिठी सुटली तेव्हा आतेच्या यजमानांच्या काळ्या उघड्या छातीवर पांढऱ्या सफेद्याचा मोठा डाग उमटला होता. आणि रामाच्या दंडावर, जिथला सफेदा निघाला होता तिथे, गॅसबत्तीच्या उजेडात त्याचा स्वतःचा गव्हाळ रंग दिसत होता.